शिट्टीमास्तरांची कवळी

दवाखान्यात पेशंट नसला की डॉक्टर माशांकडे बघत बसत. पेशंट सहसा नसेच, त्यामुळे माशांकडे बघणं हाच त्यांचा जवळजवळ पूर्णवेळ धंदा होऊन बसला होता.

काचेची टाकी खरं तर पेशंटसाठी आणली होती. दात काढायला आलेल्या माणसाने बाहेर बसल्या बसल्या पाण्याकडे बघावं, त्याचं मन शांत व्हावं आणि आत आल्यावर त्याने निमूट तोंड उघडावं, अशी योजना. मन शांत होण्यापर्यंतचं काम अगदी चोख झालं. फक्त ते डॉक्टरांचं झालं. दुपारी तिरकं ऊन टाकीतून आरपार जाई, समोरच्या भिंतीवर हिरवट पाणी हलू लागे, पंप घूंऽऽ करत राही, आणि दातांची रिकामी खुर्ची, दाढेचा तक्ता, काउंटरवर मोजा विणत बसलेली आत्या, सगळंच जमिनीपासून वीतभर वर तरंगल्यासारखं वाटे.

"जागा आहेस का रे?" आत्या तासातासाने विचारी. ही डॉक्टरांच्या वडिलांची थोरली बहीण. दवाखाना उघडला त्या दिवशी ती फीत कापायला आली होती, ती काउंटरवर बसली ती उठलीच नाही.

"विचार करतोय, आत्या."

"घोरत करू नकोस. बाहेर ऐकू जातं."

एका सोमवारी टाकीतल्या थोरल्या गप्पी मादीला पिल्लं झाली. एकवीस. एकेक पिल्लू म्हणजे दोन डोळे आणि मागे जेमतेम शेपटी. डॉक्टरांनी तीनतीनदा मोजून खात्री केली. आपल्या दवाखान्यात इतकी गर्दी त्यांनी प्रथमच पाहिली होती. मंगळवारी सकाळी मोजली, तर एकोणीस.

संशय पंपावर गेला. टाकीच्या तळाशी पंपाचं तोंड होतं: नळीच्या टोकाला जाळीचं टोपण, त्यातून पाणी आत ओढलं जाई. जाळीची भोकं मोठ्या माशाला भिंतीसारखी आणि पिल्लाला दरवाजासारखी. डॉक्टर बघत असतानाच एक पिल्लू उताणं होऊन, तंद्रीत असल्यासारखं, त्या दरवाजाकडे निघालं. डॉक्टरांनी झेप घेऊन बटण बंद केलं. पिल्लाला काहीच कळलं नाही. ते वळून दुसरीकडे गेलं.

"मग बंदच ठेव की," आत्या म्हणाली.

"बंद ठेवला तर मोठे मासे वर येऊन धापा टाकतात. दुकानदाराने दोनदा बजावलंय. चालू ठेवला तर लहान गेले, बंद ठेवला तर मोठे."

"माझ्या सासरी असंच होतं," आत्या म्हणाली आणि टाका घातला.

डॉक्टरांनी जाळीवर दवाखान्यातलं गॉजचं फडकं गुंडाळलं. तासाभरात त्यावर पानांचा चुरा आणि माशांचं खाणं बसलं आणि पंप दाढ दुखणाऱ्या माणसासारखा कण्हू लागला. मग आत्याने मोठ्या मनाने अर्धा विणलेला निळा मोजा दिला. मोजा बसला छान, पण रंग कच्चा निघाला. दहा मिनिटांत टाकीत आकाश उतरलं. मासे ढगांतून उडावेत तसे फिरू लागले, भिंती निळ्या झाल्या, आत्याचा चेहरा निळा झाला. दोघंही अर्धा तास टाकीपुढे बघत बसले.

"सुंदर आहे गं," डॉक्टर शेवटी म्हणाले.

"हो ना. आता बादली आण."

बुधवारी लॅबमधून डबी आली. तीन महिन्यांतली दवाखान्याची एकुलती एक मोठी ऑर्डर: शिट्टीमास्तरांची वरखाली पूर्ण कवळी.

शिट्टीमास्तर म्हणजे निवृत्त खेळशिक्षक. त्यांना खिशातली शिट्टी कधी लागलीच नाही. समोरच्या दोन दातांत जन्मजात फट होती, तिच्यातून ते अशी शिट्टी घालत की दोन मैदानं पलीकडचा खेळही थांबे. मुलांचा वार्षिक फुटबॉल सामना एकतीस वर्षं त्यांच्या शिट्टीनेच संपत आलेला, आणि नियमच होता तसा: मास्तरांची शिट्टी झाली नाही, तोवर खेळ संपला नाही. यंदा दात गेले आणि त्यांच्याबरोबर फटही गेली. "दात कसेही करा, डॉक्टर," त्यांनी माप देताना सांगितलं होतं, "फट तेवढी माझी पाहिजे." सामना येत्या रविवारी होता. कवळी शनिवारी संध्याकाळी द्यायची होती.

डॉक्टरांनी डबी उघडली. दात, दातांमध्ये चिंचोळ्या फटी, मागे टाळूची छान घुमटी. त्यांनी कवळीकडे पाहिलं. मग पंपाकडे पाहिलं. दोघांचीही तोंडं उघडी होती.

पाऊण तासात काम झालं. वरचे आणि खालचे दात केसभर अंतर ठेवून मेणाने जोडले, घशाच्या बाजूने पंपाचं तोंड आत घेतलं, त्याला गॉज बांधलं आणि मागची बाजू मेणानेच बुजवली. आता कचरा दातांत अडकणार, गॉज स्वच्छ राहणार, पाणी मात्र जाणार.

"अरे, परक्या माणसाचे दात पाण्यात काय घालतोस!"

"आत्या, कवळी पाण्यातच ठेवतात."

आत्याने विणकाम उचललं आणि पुढचा टाका घातला.

पंप सुरू झाला. तळाशी, हिरव्या पाण्यात, शिट्टीमास्तरांचं हसू उमटलं. पंपाच्या थरथरीने दात हलकेच वाजत होते, थंडी भरल्यासारखे. डॉक्टर हात धुऊन समोर बसले आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला.

गुरुवारी पिल्लं मोजली, तर चौदा. शुक्रवारी सहा. शनिवारी एकही नाही.

पंप बंद करून डॉक्टर टाकीपुढे बसून राहिले. ती फट! जगातल्या सगळ्या फटी बुजवताना मास्तरांची खास फट ते विसरले होते. एकोणीस जीव त्या फटीतून आत ओढले गेले आणि गॉजला चिकटून मेले असणार. डॉक्टरांनी आजवर कुणाचा दातसुद्धा न रडता काढला नव्हता.

"जेवून घे," आत्या हळूच म्हणाली.

"नको."

"बरं, मग दार उघड. मास्तर आलेत."

मास्तर आत आले आणि नेमके टाकीसमोरच्या खुर्चीत बसले. आत्याने त्यांची नजर वळवायला सून, गुडघे आणि हवापाणी असे तीन विषय लागोपाठ काढले. मास्तर "हं, हं" करत पाण्याकडे बघत राहिले. मग चष्मा लावला. मग उठून काचेला नाक टेकवलं.

"डॉक्टर," दात नसल्यामुळे त्यांचं बोलणं वारा लागल्यासारखं येई, "हे आपले का?"

"आपलेच, मास्तर."

"इथे काय करतायत?"

डॉक्टरांनी सगळं सांगितलं: पिल्लं, पंप, मोजा, मेण. शेवटी म्हणाले, "माझं चुकलं. आत्ताच्या आत्ता काढून, स्वच्छ उकळून..."

"थांबा हो!" मास्तर कुजबुजले. "माझ्या फटीतून कुणीतरी बघतंय."

तिघांची डोकी काचेजवळ आली. समोरच्या दोन दातांमध्ये दोन डोळे होते. डोळे मागे सरले, दुसरे दोन आले. डॉक्टरांनी तोंड तपासायचा बॅटरीचा दिवा आणून काचेवर धरला. टाळूच्या गुलाबी घुमटीखाली पिल्लं संथ डुलत होती. गॉजमुळे पंप त्यांना ओढू शकत नव्हता, आणि बाहेर, फटीपाशी, त्यांची आई तोंड उघडून केव्हाची घिरट्या घालत होती. तिचा तो आ बघून पहिल्या दोघांच्या बाबतीत आपण पंपावर उगाच आळ घेतला की काय, अशी डॉक्टरांना प्रथमच शंका आली.

"एकोणीस!" डॉक्टर मोजून म्हणाले.

भिंतीवर पाणी हलत होतं.

"मास्तर, पंप बंदच आहे. पिल्लं बाहेर आली की कवळी काढतो."

"आणि ही बाई खाईल त्यांना." मास्तरांनी आईकडे तिरस्काराने पाहिलं. मग बराच वेळ आपल्याच दातांकडे पाहिलं. "आयुष्यभर पोरंच सांभाळली मी. आता दात सांभाळतायत. पंप लावा, डॉक्टर."

"अहो, पण उद्याचा सामना?"

"बघू," म्हणून मास्तर गेले.

रविवारी दुपारी मैदानाच्या मधोमध ते ताठ उभे राहिले. सुरुवात त्यांनी हात हलवून केली. वेळ संपल्यावर त्यांनी फुंकर घातली. नुसता मऊ वारा आला. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. शिट्टी झाली नव्हती. मुलं पुन्हा खेळू लागली.

मास्तर फुंकत राहिले, मग फुंकायचे थांबले. उन्हाचं सोनं झालं, सावल्या गोलच्या खांबांपेक्षा लांब झाल्या, आया हाका मारून मारून गवतावर बसल्या. चेंडू दिसेनासा व्हायला लागला, तरी मुलं धुळीच्या तांबूस ढगात माशांसारखी इकडून तिकडे जात राहिली. "सत्तावीस-सत्तावीस," कुणीतरी ओरडलं. मास्तर मधोमध उभे राहून बोळकं पसरून हसत होते.

शेवटी शेवटी चेंडू समजून मुलं एकमेकांच्याच अंगावर धावू लागली आणि अंधाराने खेळ मोडला.

सोमवारी सकाळी डॉक्टर दवाखान्यात आले, तर जिन्यापर्यंत रांग. कुणाचा दात हललेला, कुणाचा तुटलेला, कुणाचा रुमालात बांधून आणलेला. बाहेर थांबलेली मुलं टाकीपुढे मांडी घालून गप्प बसली होती. नाव पुकारलं की तंद्रीतच आत येत आणि निमूट तोंड उघडत. योजनेचा उरलेला भाग एकदाचा पार पडत होता.

"जागा आहेस का?" आत्याने सवयीने विचारलं.

"आत्या, पुढचा पेशंट पाठव!"

पुढचे शिट्टीमास्तर होते. नव्या कवळीचं माप द्यायला आले होते.

"माप आहे ना माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले. "तशीच करतो, फटीसकट."

"तशी नको." मास्तर खुर्चीत रेलले आणि दारातून दिसणाऱ्या टाकीकडे त्यांनी एक डोळा लावला. "फट जरा रुंद ठेवा. पोरं वाढतायत."