मेलच्या चौकीवरचे सुभेदार

आमच्या ऑफिसात पासवर्ड बदलायचा दिवस आला, की सुभेदार यमगर तुमच्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात. पाठ तुमच्याकडे, तोंड दाराकडे, हात मागे बांधलेले. तुमची बटणं दाबून होईपर्यंत खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. एकदा चहावाला किटली घेऊन आला, तर त्यालाही त्यांनी उंबऱ्यावर थोपवला. चहा गार झाला. "च्या परत करता येतो," सुभेदार म्हणाले, "गेलेला पासवर्ड परत येत न्हाई."

आमची कंपनी सांगलीत, विश्रामबागेत. सोनं गाळायच्या भट्ट्या आणि मुशी आम्ही विकतो. गिऱ्हाइकं बहुतेक विटा-आटपाडीकडची, पण त्यांची गलाईची, म्हणजे सोनं गाळून देण्याची, दुकानं पार केरळपासून पंजाबपर्यंत. त्यामुळे सगळा कारभार मेलवर. तो एकदा माझ्यामुळे बुडता बुडता राहिला होता. माझा पासवर्ड म्हणजे माझंच नाव आणि पुढे एक-दोन-तीन. कुणीतरी तो ओळखला आणि माझ्या नावानं सगळ्या गिऱ्हाइकांना भलभलत्या लिंका धाडल्या. आठवडाभर मी फोनवर माफी मागत होते. त्यानंतर कितीतरी दिवस आमचे खरे मेलसुद्धा लोकांकडे कचऱ्यात पडत. तेव्हा मालकांनी सुभेदारांना आणलं. लष्कराच्या सिग्नल दलात, संदेश पोचवण्यात आयुष्य काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते.

आल्या आल्या त्यांनी सामानाची खोली रिकामी करून तिथं सर्व्हर बसवला आणि कुलूप घातलं. ऑफिसात एसी एकच, मालकांच्या केबिनमध्ये. तो आठवड्याच्या आत सर्व्हरकडे गेला. मालकांना पंखा मिळाला. रोज सकाळी सुभेदार सर्व्हरच्या नोंदी पेपरासारख्या वाचायचे आणि आम्हाला बातमी द्यायचे, "काल परदेशातनं लय जणांनी कडी वाजवली. एकालाबी आत घेतला न्हाई."

जेवणाच्या सुट्टीत ते सगळ्यांचे कीबोर्ड उलटे करून बघत. माझ्या कीबोर्डखाली चिकटवलेली चिठ्ठी त्यांनी माझ्यादेखत फाडली. मग पासवर्ड लक्षात ठेवायची युक्तीही सांगितली. घरातलं एखादं भांडण आठवायचं आणि त्यातलं एक अख्खं वाक्य घ्यायचं. माणूस सगळं विसरतो, तेवढं विसरत नाही. तेव्हापासून माझा दर नवा पासवर्ड म्हणजे सासूबाईंचं एक नवं वाक्य असतं. गेल्या चार वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

मालक हैदराबादला गेले, तेव्हा मात्र आता सुभेदारांची नोकरी जाणार असं वाटलं. मालकांनी तिथल्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवरून मेल उघडायला घेतला, तर सर्व्हरनं त्यांना बाहेरच ठेवलं. त्यांनी तणतणत फोन केला. सुभेदारांनी शांतपणे विचारलं, तुम्ही मालकच कशावरून? पुढची पाच मिनिटं मालक जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सुभेदारांनी ते सगळं ऐकून घेतलं, आवाजाची खात्री पटली म्हणाले आणि वाट मोकळी केली.

दोनच महिन्यांनी मालकांच्या नावानं एक मेल आला. नवीन व्यवस्था होतेय, तरी सर्वांनी कृपया आपले पासवर्ड कळवावेत. पत्ता थेट आमच्याच कंपनीचा दिसत होता. पण तो बाहेरून आला होता आणि आमचं नाव लावून बाहेरून येणाऱ्याला सुभेदारांच्या सर्व्हरवर थारा नव्हता. त्यांनी तो आमच्यापर्यंत पोचूच दिला नाही. छापून तेवढा दाखवला. "आवं, मालक कवा आपल्याला ‘कृपया’ म्हणाल्यात?" ते म्हणाले. मालक शेजारीच उभे होते. त्यानंतर त्यांनी एसीचा विषय कधी काढला नाही.

गेल्या भाद्रपदात सुभेदारांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला ठरलं. जाताना त्यांनी चौकी माझ्या हवाली केली. वहीत कामं लिहून दिली होती. बॅकअप झाला का बघणे. खोलीचं कुलूप दोनदा ओढून बघणे. शेवटी लिहिलं होतं, साडेदहाला खालच्या पत्त्यावर टेस्ट मेल धाडणे, पोच आल्याशिवाय जागा सोडू नये.

मी साडेदहाला लिहिलं, "नमस्कार. हा टेस्ट मेल आहे. पोच द्यावी." दोन मिनिटांत उत्तर आलं.

"हे आबांनी लिहिलेलं नाही. आबा कुठं आहेत? बरे आहेत ना?"

मी मागचे मेल उघडले. चार वर्षं, सुट्टीचे दिवससुद्धा न सोडता, "टेस्ट. यमगर." आणि त्याखाली, "मिळाला. यमगर." दुसरं एक अक्षर नाही.

मालकांना विचारलं तेव्हा कळलं, तो पत्ता सुभेदारांच्या मुलाचा. मुलानं फौजेत जावं म्हणून सुभेदारांनी जिवाचं रान केलं होतं, आणि तो भरतीच्या आदल्या दिवशी मामाच्या गलाईच्या दुकानात, कोइमतूरला निघून गेला. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. आमचे मेल बाहेर पोचतात की नाही, हे सर्व्हर आपलं आपण तपासतो. ती सोय सुभेदारांनीच केली होती. टेस्ट मेलची कंपनीला काहीच गरज नव्हती.

मुलाला मी आबा बरे आहेत एवढं कळवलं आणि दुपारी मिरजेला गेले. सुभेदारांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. मी मोबाइलवरून त्यांना तो मेल वाचून दाखवला.

"परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचला. काय उत्तर देऊ, म्हणून विचारलं.

"लिवा, डोळा बरा हाय. दिवाळीला ये."

मी लिहिलं. ते उशीवर डोकं टेकून पडले, आणि लगेच उठून बसले.

"‘ये’ खोडा. ‘जमलं तर बघ’ असं लिवा."

मी हो म्हटलं, खोडलं काहीच नाही, आणि मेल पाठवून दिला. गेला का, त्यांनी विचारलं. गेला म्हटलं. वाचून दाखवा म्हणाले. मी मोबाइल समोर धरून वाचलं, "डोळा बरा हाय. दिवाळीला जमलं तर बघ." ज्या माणसाला एवढ्या वर्षांत कुणी फसवू शकलं नव्हतं, त्यानं समाधानानं मान हलवली.

परत येताना विश्रामबागच्या अलीकडे मोबाइल वाजला. मी गाडी कडेला घेतली. मुलाचा मेल होता. एकच शब्द, "निघालो."

मी स्कूटर मिरजेकडे वळवली.