कुसुमताई आणि 'वात'

हैदराबादेत माझ्याइतका शिस्तशीर वाचक नाही, हे मी पुराव्यानिशी सांगतो! उदारीकरण आलं, हप्त्यावर कॉम्प्युटर मिळू लागले आणि मी दिलसुखनगरच्या क्लासात जाऊन तो शिकलोसुद्धा. मग वाचायच्या पुस्तकांसाठी कामांची यादी ठेवणारा एक साधा प्रोग्राम घातला. चित्र नाही, रंग नाही, नुसती अक्षरं. एक ओळ, एक काम. तातडीचं असेल तर पुढे 'A', झालं की 'x'. कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो.

"त्यापेक्षा धोब्याच्या कपड्यांची यादी करा, उपयोग तरी होईल," वंदना, म्हणजे आमची बायको, म्हणायची. तिला कुठली दूरदृष्टी!

अशात सुलतान बाजारातल्या आमच्या मराठी वाचनालयाने 'उत्तम वाचक' पुरस्कार जाहीर केला. तो दुसऱ्या कुणाला मिळणं म्हणजे माझ्या अब्रूचा प्रश्न! मी यादी छापून थेट अध्यक्ष मुकुंदरावांच्या हाती दिली.

सभेत ते कौतुकाने उभे राहिले. "बघा भई, आमच्या अविनाशने कॉम्प्युटरवर काय काम केलंय! वाचतो हां." त्यांनी चष्मा सावरला. "तातडीचं पहिलं: Kusumtai, vat lavne. कुसुमताई... वाट लावणे?"

कुसुमताई म्हणजे आमच्या ग्रंथपाल. त्यांच्या कपातला चहा बशीत आला.

"वाट नाही हो, वात!" मी ओरडलो. "'वात' कादंबरीसाठी कुसुमताईंकडे नंबर लावणे! टायपिंगचा कंटाळा, म्हणून 'नंबर' गाळला!"

"ठहरो मियाँ!" मुकुंदरावांचा आवाज चढला. "तातडीचं दुसरं: मुकुंदराव संपवणे?"

"तुमचं आत्मचरित्र हो! तिसरा खंड संपवायचाय!"

"इतका जिवावर आलाय काय रे तो?"

मी काही बोलणार तोच सभेला आलेल्या वंदनाने त्यांच्या हातून कागद ओढून घेतला. "सुलभा. वंदना माहेरी गेल्यावर." तिने मान वर केली. "ही सुलभा कोण?"

"कादंबरी आहे गं! चांगली जाडजूड! तू घरात असलीस की निवांतपणा कुठे मिळतो?"

हे वाक्य मी बोलायला नको होतं. सगळी सभा हसली. वंदना सोडून.

तरी मी डगमगलो नाही! "काढा ती 'वात' कपाटातून! एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे!"

"काढू कुठून?" कुसुमताई कडाडल्या. "दिवाळीपासून ती तुमच्याकडेच आहे! नंबर लावून लावून लोक थकले!"

"माझ्याकडे? शक्यच नाही! माझ्या यादीत..."

"आहे," वंदना शांतपणे म्हणाली. "कॉम्प्युटरचा पडदा उंच व्हावा म्हणून तुम्हीच त्याच्याखाली सारलीय. तिच्याखाली अजून एक जाडजूड आहे. सुलभा असावी!"

पुरस्कार गौलीगुड्याच्या प्रमोदला गेला. चालायचंच! त्याच्याकडे कॉम्प्युटरच नाही. वाचण्यावाचून करणार काय बिचारा!