सबनीसची तिरकी रेघ

आमच्या ऑफिसातल्या सबनीसला लग्नाला बोलवू नये. मागे गोरेगावच्या एका हॉलमध्ये दाराशी स्क्रीन ठेवला होता, वधूवरांना शुभेच्छा लिहायला. लोक ‘नांदा सौख्यभरे’ लिहीत होते. सबनीसने लिहिलं एक अवतरणचिन्ह, एक तिरकी रेघ, पुन्हा एक अवतरणचिन्ह. स्क्रीन काळा पडला. ‘मला वाटलंच!’ म्हणून हा समाधानाने जिलबी घ्यायला गेला. मुलीचे वडील अजून मला विचारतात, तो माणूस नक्की कुणाकडचा होता.

त्याचं दुखणं सांगतो. प्रोग्रॅममध्ये मजकूर अवतरणचिन्हांच्या मध्ये ठेवतात. मजकुरातच कुणी अवतरण टाकलं, की मशीनला वाटतं, वाक्य संपलं. पुढचं ते गिळतं, नाहीतर भडकतं. म्हणून त्या चिन्हाआधी तिरकी रेघ घालायची. मग मशीनला कळतं, हे नुसतं चिन्ह आहे, पुढे वाच. एवढंसं काम, पण सबनीसने त्याचा धर्म केलाय. ‘माणूस काहीही टाइप करतो रे,’ हा त्याचा मंत्र. नवीन कुणी रुजू झालं, की नाव विचारायच्या आधी हा त्याच्या कोडमधली अवतरणं तपासतो. दुपारी डबा खायला त्याच्या टेबलाशी कुणी बसत नाही, ते काय उगाच?

गेल्या महिन्यात आमचं डबे मागवायचं ॲप शुक्रवारी गिऱ्हाइकाला द्यायचं होतं. नाही दिलं तर काम हातचं जाईल आणि पहिला मी जाईन, असं साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं. तपासणी सबनीसकडे, त्याने ते बुधवारी अडवलं. सूचनांच्या चौकटीत त्याने लिहिलं होतं: डॉक्टर म्हणाले, “शेंगदाणे नको”. स्वयंपाकघरातल्या स्क्रीनवर पोचलं नुसतं ‘डॉक्टर म्हणाले’.

‘अवतरण टाकून डबा कोण मागवतं?’ मी म्हणालो. ‘सोड ना यार, माझी वाट लागेल.’

‘नाही सोडणार,’ म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी आईला डॉक्टरकडे न्यायचंय म्हणून रजेवर गेला. त्याच्या होकाराशिवाय ॲप पुढे सरकेना. संध्याकाळी मी त्याला चार शब्द सुनवायला पार्ल्याला त्याच्या घरी थडकलो.

दार उघडून त्याने तोंडावर बोट ठेवलं. आत आई कान देऊन बसली होती. आईला आता दिसत नाही. तिची बहीण शकूमावशी रत्नागिरीला, तिला ऐकू येत नाही. म्हणजे फोन बाद. सबनीसने दोघींसाठी प्रोग्रॅम लिहिलाय. मावशी टाइप करते ते मशीन आईला वाचून दाखवतं, आणि आई बोलते ते मावशीला लिहून जातं. मशीन अगदी कोरड्या आवाजात वाचत होतं, ‘मी तिला म्हटलं, मेले, नारळ काय फुकट येतात?’ आणि आई डोळ्यांत पाणी येईतो हसत होती.

‘आधी अवतरणं विसरलो होतो मी,’ सबनीस हळूच म्हणाला. ‘मावशीच्या गोष्टीत कुणी बोलायला लागलं, की मशीन गप्प. आईला वाटायचं, शकू चिडून मध्येच सोडते. मग हिनेही बोलणं टाकलं. पावसाळाभर दोघी रुसलेल्या. चूक माझी, आणि मी आईलाच ऐकवत होतो, तुझीच बहीण, तुझ्यासारखीच तुसडी.’

 मी तिथूनच साहेबांना फोन केला, ॲप सोमवारी देतो म्हणून. त्यांनी जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. गिऱ्हाईक मात्र थांबलं.

निघताना आई म्हणाली, ‘ऑफिसातला ना रे तू? याला कधीतरी मेसेज करत जा. माझे ऐकून झाले, की शकूचे जुने मेसेज लावून एकटाच हसत बसतो. याचा फोन वाजतच नाही.’

‘आई, पुरे!’ सबनीस ओरडला.

त्याचा तो चेहरा मला बघवेना. रिक्षात बसल्यावर लिहिलं, ‘निघालो रे. उद्या डबा एकत्र खाऊ.’

लगेच उत्तर आलं, ‘मेसेज मिळाला. पूर्ण मिळाला.’

मग बराच वेळ त्याच्या नावाखाली ‘टाइप करत आहे’ असं दिसत राहिलं. आलं मात्र काहीच नाही.