रायभानचा धोंडा आणि माझी लाट

आकाशातून काहीतरी पडून जग बुडायला येतं, असे दोन इंग्रजी पिक्चर त्या वर्षी हिंदीत आले होते. दोन्ही पाहिलेला तीर्थपुरीत मी एकटाच. त्यामुळे त्यातला चांगला कोणता, हे सांगायचा अधिकार माझाच होता. पण आष्टीहून माझा मेहुणा रायभान आला.

तो आला होता कौसल्येच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाला. अकरा वाजता आम्ही दोघांनी माळवदावर पान ठेवलं. पानाला कावळा शिवल्याशिवाय माणसांनी जेवायचं नाही. खाली अंगणात साठ माणसं बसलेली. कावळा समोरच्या लिंबावर होता. नुसता बसला होता.

वेळ जावा म्हणून मी म्हणालो, "शेपटीवाला तारा समुद्रात पडतो, तो पिक्चर खरा. काय लाट येते!"

"दाजी, काय सांगून राह्यलात?" रायभान म्हणाला. "आभाळातून येणाऱ्या धोंड्यावर उतरून बोअर मारतात, तो बघा. बोअरवाल्यांनी दुनिया वाचवली."

रायभानची बोअरची गाडी आहे, हे सांगायला हवं.

"पाणाड्या नेला होता का वर, नारळ हातावर धरून?" मी विचारलं. "ते आठशे फूट काही तासांत जातात. तुला माझ्या वावरात तीनशे फुटाला तीन दिवस लागले. आन् निघालं काय? फुफाटा."

"जमीन तुमची. पाणी काय मी घरून आणू?"

"तुला पाठवलं असतं तर धोंडा डोक्यावर येईपर्यंत म्हणाला असतास, अजून पन्नास फूट मारू."

रायभान ओरडला, मी त्याच्यावर ओरडलो. कावळा उडून शेजारच्या अँटेनावर बसला. माझी बहीण नंदाबाई धापा टाकत वर आली.

"लाज न्हाई का दोघांना? वहिनीचं काहीतरी मनात राह्यलंय. शब्द द्या तिला."

मी हात जोडले. "कौसल्या, तुझी म्हैस विकणार न्हाई."

कावळ्यानं पंख साफ केले.

"अक्का, म्हैस मी आष्टीला नेऊन संभाळतो," रायभान म्हणाला.

"नेईल तो," मी म्हणालो. करता काय? कावळ्यानं पाठ फिरवली.

एक वाजला. खाली लेकरं रडायला लागली. कुणीतरी माझं नाव घेऊन म्हणालं, "रामरावनं सुखात ठेवलं नसंल बिचारीला."

ते लागलं. शेवटचे चार महिने तिला स्वतःचे हात उचलवत नव्हते. तिची वेणी मी घालत होतो. वाकडी यायची, ती चालवून घ्यायची.

रायभान हळूच म्हणाला, "दाजी, अक्काला आपलं भांडण आवडत नव्हतं. म्हणून टाका, माझा पिक्चर चांगला."

मी खाली साठ माणसांकडे पाहिलं. मग कावळ्याकडे.

"बोअरवाला पिक्चर चांगला," मी पुटपुटलो.

"मोठ्यानं," नंदाबाई म्हणाली.

मी अंगणाला ऐकू जाईल असं म्हणालो. कावळा सरळ उतरला आणि खिरीत चोच घातली. खाली पंगत बसली. रायभान डोळे पुसत होता. माझेही भरून आले होते, पण एक गोष्ट मनातून जाईना.

सत्तावीस वर्षं, भावाचा विषय निघाला की ती त्याचीच बाजू घ्यायची. गेल्यावर तरी दोन्हीकडचं ऐकून घेईल, असं मला वाटलं होतं.