महादूभाऊंची शिदोरी

आमच्या डिंगोऱ्यात महादूभाऊंकडं कुणी पाहुणा गेला, की भाऊ त्याला कॉम्प्युटरपुढं बसवतात, बटण दाबतात आणि म्हणतात, "आता बोलू नका." काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी सरासरा धावतात. "डिस्क उठली बघा. आता कीबोर्ड उठतोय." मग रंगीत पडदा येतो आणि भाऊ चक्क उठून गोठ्यात निघून जातात.

"अहो भाऊ, आत्ता कुठं लागला!"

"लागल्यावर काय बघायचं, राव? लागतो कसा ते बघायचं."

घर मूळचं मेंढपाळांचं. मेंढरं विकून टोमॅटो लावले, तरी आधी कोण निघतं, मागून कोण येतं, हे बघायची खोड काही गेली नाही.

कॉम्प्युटर त्याच घरात राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आक्कांच्या लेकीचा. अवसरीला इंजिनिअरिंग शिकताना तिनं त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलं आणि नोकरीला बंगळूरला जाताना इथंच ठेवला. आक्कांची नजर अधू. मोबाईलवर लेक दिसत नाही, म्हणून मोठ्या पडद्यावर बोलायचं.

पण आक्कांचा जन्म विहिरीच्या मोटरीपाशी गेलेला. मोटर नुसती घुं घुं करायला लागली आणि पाणी येईना, की लाल बटण दाबायचं, नाहीतर जळलीच म्हणून समजा. कॉम्प्युटरचंही तसंच. आत पंखा घुमतोय, बारीक ओळी दिसत नाहीत, पडदा नुसता काळा, की आक्का मागून पिनच उपटायच्या! डिस्क बिघडायची आणि भाऊ ती परत दुरुस्त करत बसायचे.

"समजावून सांगा की त्यांना," मी म्हणालो.

"सांगून दमलो. मी शेजारी असलो की थांबती, नसलो की हात जातोच. आता मशिननंच सांगायला पायजे."

आक्कांना वाचता येत नाही. म्हणून भाऊ पटका बांधून भिंतीला टेकले, हाताचा पंजा पुढं धरला आणि मला फोटो काढायला लावला. "परत काढ. रागीट दिसतोय, आक्का दचकंल." माझी दुपार गेली त्यात.

मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर दिसावा म्हणून फोटो बसवला, पण दिसेना. भाऊंनी नेटवर शोधशोध शोधलं. मशीन सुरू होताना डिस्क अजून उघडलेली नसते. तोवर लागणारं सामान एका गाठोड्यात बांधलेलं असतं. फोटो डिस्कवर होता, गाठोड्यात नव्हता. "शिदोरी परत बांधायची राहिली, राव!" त्यांनी बांधली, तर मशीन सुरूच होईना. मी हात जोडले, "भाऊ, सोडा आता नाद."

"सोडतोय व्हय!" पेनड्राइव्ह लावून सगळं पहिल्यापासून सुरू.

शेवटी एकदा त्या काळ्या पडद्यावर भाऊ उगवले. पटका, पंजा, सगळं झकास. मी टाळ्या पिटल्या. भाऊंनी मशीन बंद केलं.

"पुण्याला छातीचं ऑपरेशन हाय माझं," ते म्हणाले. "आई गेली तवा मी रांगत व्हतो. आक्कानंच वाढवलं. मी नसताना ती घाबरायला नको. तिला एकटीला लावता आला पायजे."

"आधी बोलायला काय झालं होतं?" म्हणून मी त्यांच्यावर खेकसलोच.

ऑपरेशनच्या दिवशी आक्कांची लेक बंगळूरहून येऊन पुण्यात भाऊंजवळ, म्हणजे आपल्या मामाजवळ होती. मी आक्कांकडं गेलो, पण दारातच थांबलो. त्यांनी बटण दाबलं. पंखा घुमायला लागला. पडदा काळा. हात पिनेकडं गेला. आणि भाऊ आले, पंजा पुढं करून.

आक्कांनी हात मागं घेतला. "थांबले रे बाबा, थांबले."

थोड्या वेळानं लेकीचा कॉल आला. ऑपरेशन नीट झालं होतं, मामा अजून गुंगीत होता. आक्का पदरात तोंड घालून रडल्या. मलाही आवरलं नाही.

मी निघालो, तर आक्कांनी मशीन बंद करून पुन्हा बटण दाबलं.

"आता कुणाचा कॉल यायचाय?"

"कुणाचा न्हाई," पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "आज त्याला बोलता यायचं न्हाई ना. म्हणून."