‘रेंटेड अंब्रेलाज’ का फुटला?

‘रेंटेड अंब्रेलाज’ या इंग्रजी बँडचा इतिहास मला जितका पाठ आहे, तितका त्या बँडलाही नसेल. विचारा! स्थापना कुठे? इंग्लंडमधल्या हल शहरात, गायकाच्या मावशीच्या गॅरेजमध्ये. गिटारवाला का बदलला? त्याला दाताच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. तिसऱ्या अल्बममध्ये मागे कुत्रं भुंकतं, ते कुणाचं? मावशीचं! एकच गोष्ट मला ठाऊक नव्हती. बँड फुटला का?

आणि याचा मला राग होता. साधासुधा नाही, अठरा वर्षं लोणच्यासारखा मुरलेला. १९९६ साली नोकरीसाठी फ्रँकफर्टला आलो, तेव्हा माझी पहिली खरेदी म्हणजे त्यांच्या कार्यक्रमाचं तिकीट. गरम कपडे नंतर! हॉलवर पोचलो तर दारावर कागद: कार्यक्रम रद्द, बँड विसर्जित. कारण? दिलेलं नाही! अहो, ज्या देशात एस-बान, म्हणजे इथली लोकल, जराशी उशिरा आली तरी कारण सांगून माफी मागतात, तिथे माझा आख्खा बँड गेला आणि कुणी चकार शब्द काढला नाही!

२०१४ साली फेसबुकवर मला त्यांचा ड्रमर सापडला. कॉलिन. त्या रात्रीनंतर तो इंग्लंडला परतलाच नव्हता; इथेच जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला लहान मुलांना ड्रम शिकवत होता. मी लगेच त्याला आमच्या फ्रँकफर्टच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. बेत चोख होता. शाल, श्रीफळ, मग स्टेजवर मी घेणार त्याची मुलाखत. पहिलाच प्रश्न: का रे बाबा, का फुटलात?

"येतो," तो म्हणाला. "पण वाजवायला सांगू नका. बँड सुटल्यापासून मी लोकांसमोर वाजवलेलं नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये शिरलो, तर समोर फ्लेक्स! मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ यांनी तो खास पुण्याहून छापून आणवला होता.

"राजाभाऊ, हे काय आहे?"

"फ्लेक्स. झकास आलाय ना?"

झकास! राजाभाऊंचा फोटो दाराएवढा, गणपती त्याहून लहान, कॉलिन पोस्टाच्या तिकिटाएवढा. मुलाखतकार: राजाभाऊ! आणि माझं नाव? पार तळाशी, ‘सतरंज्या व खुर्च्या’ या शब्दांखाली.

"माझं नाव खुर्च्यांखाली?"

"उल्हासराव, खुर्च्या तुम्हीच आणल्यात ना?"

"पाहुणाही मीच आणला!"

"हो, पण खुर्च्या जास्त होत्या."

सत्काराला राजाभाऊंनी शाल उचलली. मी दुसरं टोक धरलं.

"सोडा."

"तुम्ही सोडा!"

मधे कॉलिन मान वाकवून उभा. त्याला वाटलं, हाच विधी. शाल त्याच्या डोक्यावरून अशी ताणली गेली, की तो वाळत घातलेल्या चादरीत अडकलेल्या मांजरासारखा दिसू लागला. तेवढ्यात राजाभाऊंच्या हातचा नारळ सुटला आणि घरंगळत जाऊन थेट हॉलच्या हाउसमाइस्टरच्या, म्हणजे रखवालदाराच्या, बुटावर आदळला. तो जे ओरडला ते जर्मन होतं, पण बालवाडीतल्या पोरांनाही कळलं. मी माईक ओढला.

"मी राजीनामा देतोय! ज्यांना स्वाभिमान आहे त्यांनी माझ्यामागे यावं!"

माझ्यामागे मंडळातला एकटा प्रसन्न आला. त्याला गाडी हलवायची होती.

बाहेर रिपरिप. मनधरणी करायला येतील तेव्हा काय सुनावायचं, ते पाठ करत मी दाराशी उभा राहिलो. कुणी आलं नाही. आवाज मात्र आला. ढोल! पण आमच्या मंडळात असा ढोल कधी वाजला नव्हता. तो हात मी झोपेतही ओळखला असता. कॉलिन वाजवत होता! आणि मी? पुन्हा दाराबाहेर! राजीनामा दिलेला माणूस आत जाणार कसा?

बऱ्याच वेळानं बायको बाहेर आली, हातात मोदकांचा डबा घेऊन.

"अहो, काय वाजवतो तुमचा कॉलिन! आपली ओवी तर इथल्या जर्मन पोरांसारखी नुसती ‘मेगा, मेगा’ ओरडतेय."

"मला काही सांगू नकोस, नंदिनी!"

"बरं. मग बँड का फुटला, तेही नको?"

"बोल!"

"पोस्टर लागलं होतं म्हणे. त्यावर गायकाचा फोटो हा एवढा, आणि ह्याचं नाव तळाशी, व्हॅनच्या ड्रायव्हरखाली. ह्यानं तिथल्या तिथे राजीनामा दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. वाटलं, बोलवायला येतील."

"मग?"

"कुणी आलं नाही. आज तुम्हाला तावातावानं जाताना बघितलं आणि हसतच सुटला. डोळे पुसले, म्हणाला, आता वाजवतो."

"एवढ्याशा कारणासाठी?" मी कडाडलो. "एवढ्यासाठी माझा कार्यक्रम बुडवला? पोरकटपणाला काही मर्यादा?"

नंदिनीनं मला एक मोदक दिला.

मी आत गेलो नाही, हे सांगायला नकोच. पुढच्याच आठवड्यात मी नवं मंडळ काढलं. अध्यक्ष मी, सभासद नंदिनी. फ्लेक्सचा नमुना आला तसा मोठ्या अभिमानानं तिच्यासमोर धरला. तिनं चष्मा लावला, स्वतःचं नाव शोधलं, आणि राजीनामा दिला.