दोन तासांत पूर्ववत

आमच्या सुखनिवास लेआउटमध्ये बेचाळीस घरं आहेत आणि त्यांपैकी फक्त एकाच घरात पावसाचं पाणी शिरतं, ही बाब मी नागरिक समितीचा सचिव या नात्याने सुरुवातीलाच अभिमानपूर्वक नमूद करतो. नागपुरात नंदनवनच्या आसपास इतकं उत्तम प्रमाण दुसऱ्या कुठल्या लेआउटचं असेल असं वाटत नाही. ते एक घर कौसल्याबाई रामटेके यांचं, उताराच्या अगदी शेवटचं, माझ्या घराला लागून. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन असतं आणि लोकांचे शिवायला आलेले कपडे असतात. पाणी शिरतं ते नेमकं त्याच खोलीत.

घर सखल आहे, असं समितीचं मत. कौसल्याबाईंचं म्हणणं असं की, त्यांच्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा चार पायऱ्या चढून आत जावं लागायचं. मग रस्त्यावर डांबर आलं, डांबरावर डांबर आलं, त्यावर सिमेंट आलं, आणि आता दोन पायऱ्या उतरून आत जावं लागतं. घर जागचं हललं नाही, हे मलाही मान्य आहे. पण रस्ता वर येतोय म्हटल्यावर घरानंही थोडा प्रयत्न करायला हवा होता.

रस्त्याच्या कडेला नाली आहे. म्हणजे नकाशात आहे. प्रत्यक्षात प्रत्येकाने फाटकापुढे नालीवर स्लॅब टाकून गाडी चढवायला रॅम्प बांधला. अध्यक्ष भैय्याजी काळबांडे यांचं घर अगदी वरचं; त्यांच्या रॅम्पवर दोन गाड्या उभ्या राहतात. माझ्या रॅम्पला गुलाबी टाइल्स आहेत आणि कडेला तुळशीवृंदावन. रॅम्पखाली हात जात नाही, म्हणून नाली साफ होत नाही. ती तुंबलेली दिसत नाही, म्हणून तुंबलेली नाही असं आम्ही धरून चालतो. कौसल्याबाईंकडे गाडी नाही. त्यामुळे त्यांच्यापुढची नाली तेवढी उघडी. त्या ती नेमाने साफ करतात आणि ती कायम कोरडी असते, कारण वरून तिच्यात थेंबही येत नाही. पाणी सगळं रस्त्याने येतं.

दर जूनमध्ये कौसल्याबाई अर्ज द्यायच्या : रॅम्प फोडा, नाली मोकळी करा. अर्ज वर पाठवणं हे सचिवाचं काम. मी ते निळ्या फाइलीत नीट लावून घरच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवत असे. नाली खालून मोकळी करत आणली तर पहिला रॅम्प माझा लागतो, याचा या गोष्टीशी काही संबंध नाही.

मग हवामान बदललं. आता पाऊस वीस-वीस दिवस तोंड दाखवत नाही आणि एखाद्या सकाळी, ऐन शाळेच्या बसच्या वेळेला, महिन्याभराचं काम पाऊण तासात उरकून जातो. त्यावर उपाय म्हणून ‘नागरी जललवचिकता कक्ष’ स्थापन झाला आणि त्याचे अधिकारी सौरव साहेब टॅबलेट घेऊन आमच्याकडे आले.

“पूर थांबवणं ही जुनी कल्पना झाली,” ते म्हणाले. “पूर येणार हे गृहीत धरायचं. माणूस किती लवकर पूर्ववत होतो, ते मोजायचं.”

आमच्याकडे मोजण्यासारखं एकच घर होतं.

“बाई, पाणी शिरल्यावर पूर्ववत व्हायला किती तास लागतात?”

“पूर्ववत म्हंजे काय जी?”

“पहिल्यासारखं.”

“दोन घंटे,” कौसल्याबाई म्हणाल्या. “मशीन पलंगावर चढवतो, कपडे दोरीले टांगतो, बादलीनं पाणी उपसतो. संध्याकाळी गिऱ्हाईक येते. रडत बसून पुरते का? पण साहेब, ते नालीचं...”

“दोन तास!” सौरव साहेबांचा आवाज भरून आला. “शहराची सरासरी चार दिवस आहे. हे प्रशिक्षण कुठे घेतलंत?”

“बारा वर्षांपासून घेऊनच राहिली ना.”

नालीसाठी त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

महिन्याभरात निकाल लागला. सुखनिवास लेआउट शहरात पहिलं! लेआउटच्या फाटकावर ‘आदर्श पूर-लवचिक वसाहत’ असा फलक लागला. भैय्याजींनी हार घालून घेतला. सोबत कक्षाचं पत्र होतं : नाली मोकळी केल्यास पाणी शिरणार नाही, पाणी न शिरल्यास पूर्ववत होता येणार नाही, आणि लवचिकता निर्देशांक शून्यावर येईल, सबब सदर वसाहतीचं नाव नालेसफाईच्या यादीतून वगळण्यात येत आहे. पत्राच्या तर्कात मला एकही खोट सापडली नाही.

पुढच्या जुलैत बाहेरगावचे बारा अधिकारी आमची लवचिकता बघायला येणार असं ठरलं. पोह्यांची ऑर्डर गेली, मांडव पडला, पण पाऊस काही येईना. नागपुरात ऊन चैत्रासारखं तापलेलं. शेवटी भैय्याजींनी पाण्याचे तीन टँकर बोलावले.

“कौसल्याबाई, लेआउटच्या इज्जतीचा सवाल आहे,” ते म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी टँकरवाल्याला हात केला.

माझ्या रॅम्पवर टँकर रिकामे झाले. पाणी शहाण्यासारखं कौसल्याबाईंच्या घरात गेलं. बारा अधिकाऱ्यांनी घड्याळं लावली. बाईंनी मशीन चढवलं, बादली घेतली आणि एक तास पन्नास मिनिटांत फरशी कोरडी केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे तर्री-पोह्यांकडे वळले, तेव्हा मी आत डोकावलो. सावनेरच्या एका नवरीचे ब्लाउज खालच्या टोपल्यात राहून गेले होते. लाल ब्लाउजचा रंग पिवळ्यांवर उतरला होता आणि लग्न चार दिवसांवर होतं. कौसल्याबाई ते मांडीवर घेऊन पलंगावर बसल्या होत्या.

“देवानं पाणी पाठवलं तं मी कोणाले काय बोलू? पण हे तं तुम्ही आणून टाकलं, भाऊ. काहून टाकलं?”

मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पोहे घशाखाली उतरेनात. मग पाणी प्यालो, उतरले.

दुसऱ्याच आठवड्यात कौसल्याबाईंनी बळीराम मिस्त्रीला बोलावून दारापुढे कमरेएवढी भिंत बांधून घेतली. दोन्ही बाजूंना तीन-तीन पायऱ्या. एवढी साधी गोष्ट बारा वर्षं का केली नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही अर्ज वर पाठवला म्हणे ना. मी वाट पाहून राहिली होती.”

ऑगस्टमध्ये एका सकाळी पाऊस कोसळला. पाणी नेहमीप्रमाणे उतारावरून कौसल्याबाईंकडे गेलं, भिंतीशी थबकलं आणि पर्याय शोधू लागलं. शेजारी मी होतो. ते फाटकातून आलं आणि आमच्या न्हाणीच्या जाळीतून वरही आलं. सोफा तरंगला, फ्रिज आडवा झाला. मी आणि माझी बायको डायनिंग टेबलावर उभे राहून कक्षाचा नंबर लावत होतो. नंबर व्यस्त होता.

मदतीला कोण आलं असेल? हातात बादली घेऊन कौसल्याबाईच आल्या. उपसता उपसता खालच्या कप्प्यातली निळी फाइल वाहत त्यांच्या पायाशी गेली. त्यांनी उघडून पाहिली. बारा अर्ज. सगळ्यांवर त्यांचंच अक्षर. घरी जाऊन त्यांनी ते बाराही अर्ज कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून ओळीने वाळत घातले. रस्त्यावरून वाचता येत होते. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सौरव साहेब टॅबलेट घेऊन आले तेव्हा मला पूर्ववत व्हायला नऊ दिवस लागले होते. आमचा निर्देशांक शेवटून पहिला आला. समितीची तातडीची सभा झाली आणि कौसल्याबाईंना नोटीस काढायचं एकमताने ठरलं : ‘पाण्याच्या नैसर्गिक मार्गात अडथळा आणणारं बांधकाम तात्काळ पाडण्यात यावं.’ मजकूर माझाच होता. भाषा मला चांगली जमते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या नोटीस घेऊन माझ्या फाटकाशी उभ्या. मागे बळीराम, खांद्यावर घन.

“भाऊ, तुमचा कागद एकदम बराबर हाय,” त्या म्हणाल्या. “पाण्याच्या वाटेत जे जे बांधलं, ते सारं आजच पाडून टाकू. फक्त सुरुवात कुठून कराची ते सांगा. वरून केली तं भैय्याजीचा रॅम्प पहिला, खालून केली तं तुमचा. माझी भिंत काही नालीवर नाही, थे हिशोबात शेवटी येते. अन् तिची पाळी येईपर्यंत नाली मोकळी झाली, तं पाणीच कुठं राह्यते इकडं?”

बळीरामने घन खांद्यावरून उतरवला आणि माझ्या गुलाबी टाइल्सवर अलगद टेकवला.

समिती धावत जमली. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी नोटीस मागे घेण्यात आली. एक तास चाळीस मिनिटं! कौसल्याबाईंपेक्षाही दहा मिनिटं कमी. सौरव साहेबांनी ‘संस्थात्मक लवचिकता : उत्कृष्ट’ अशी नोंद केली आणि फाटकावरचा फलक कायम राहिला.

भिंत आहे तिथे आहे. कौसल्याबाईंची खोली यंदा कोरडी आहे आणि मशीन खाली जमिनीवर चालू असतं. रॅम्पही सगळे आहेत. प्रश्न उरला पाण्याचा. त्यावर भैय्याजींनीच तोडगा सुचवला : लेआउटच्या शेवटाला एक मोठा पाइप टाकायचा आणि पाणी खाली सोडून द्यायचं. खाली कोण राहतं हे बघायला आम्ही नकाशा उघडला, तर खालची वसाहत तुमची निघाली.

तुमचं आगाऊ अभिनंदन. फॉर्म घेऊन माणूस येईल, किती तास लागतात असं विचारेल. शेजारधर्म म्हणून एक सांगतो, दोन मात्र म्हणू नका.